पथ्य काही नाही

माणूस मनाच्या आजारासाठी येवो की नुसती झोप लागत नाही म्हणून येवो, निघताना दारात थांबून एक प्रश्न विचारतोच. "सिस्टर, पथ्य काय?" वांगं चालेल का, आंबट चालेल का, मटण कधीपासून खायचं. गोळी किती वाजता घ्यायची हे विचारायचं अर्ध्या लोकांना सुचत नाही, पण वांग्याचं मात्र विचारतात. शिरूरच्या या वीस खाटांच्या खासगी दवाखान्यात मला एकोणीस वर्षं झाली आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. "पथ्य काही नाही. गोळी चुकवू नका, दारू पिऊ नका, बाकी सगळं खा." डिस्चार्ज कार्डावर पथ्याचा रकाना आहे, त्यातही मी डोळे झाकून "नाही" लिहिते.

एप्रिलच्या सुरुवातीला ओपीडी तुडुंब भरलेली असताना एका बाईचा फोन आला. मागे रेल्वेची अनाउन्समेंट चालू होती, धड ऐकू येईना. "सिस्टर, त्या पांढऱ्या गोळीला काय पथ्य हाय का वो?" आता आमच्याकडच्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या. कुठली पांढरी, म्हटलं. तर म्हणाली, "रोजची वो. लई वर्सं झाली घेतीया." माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं खाल्ली तेव्हा पथ्य आठवलं नाही, आता ऐन गर्दीत आठवलं. "काही पथ्य नाही, ठेवा फोन," म्हणून मीच ठेवला. माझा स्वभाव हा असा आहे, मनात ठेवत नाही.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी साखरबाई आली.

केंदूरची साखरबाई आमची जुनी पेशंट. वय अठ्ठावन्न, घरी कांदा आणि फुलांची शेती, स्वभावाने अतिशय टापटीप. अकरा वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा आणली तेव्हा ती चार रात्री झोपली नव्हती आणि अख्ख्या गावाला जेवणाचं आवतण देऊन आली होती. तेव्हापासून तिला लिथियम चालू आहे. औषध गुणाचं, पण नाजूक. त्याची उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजारणी आहेत, म्हणून मधूनमधून रक्त तपासून ते प्रमाणात आहे ना बघावं लागतं. अकरा वर्षांत साखरबाईचा रिपोर्ट एकदाही बिघडला नव्हता. नव्या नर्सिंगच्या मुली आल्या की मी तिची फाईल दाखवायची. पेशंट असावा तर असा.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता तिचा मुलगा बाळासो आणि सून तेजश्री तिला दोन्हीकडून धरून आत घेऊन आले. पाय एकीकडे पडत होते, धड दुसरीकडे. हात इतके थरथरत होते की बांगड्या वाजत होत्या. जीभ जड झालेली. मला बघून ती हसली आणि म्हणाली, "सिस्टर, कांद्याची गाडी आली का?"

"आठ दिस झालं असंच चाललंय," बाळासो म्हणाला. "आधी जुलाब लागलं. मग हात थरथराया लागलं. आता कायबी बोलती. पहिल्यावानी येड लागलं का काय वो?"

"गोळ्या?"

"एकबी चुकली न्हाई. मी सोता देतो."

त्याने पाकीट दाखवलं. तारखा घालून ठेवलेल्या, गोळ्या बरोबर. जास्तीची गेलेली नाही, कमी गेलेली नाही. दुसरी कुठली गोळी दिली का, अंगदुखीची, गुडघ्याची, मेडिकलमधून आणलेली? नाही. मुळ्या, काढा, चूर्ण? नाही. रक्तदाबाचं काही चालू केलं? तेही नाही. मी तेजश्रीकडे बघितलं. ती खाली बघत होती. सासू आजारी असली की सुना खाली बघतातच, मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

माझ्या डोळ्यांना जे दिसत होतं ते लिथियम अंगात साठल्याचं दिसत होतं. थरथर, झोकांड्या, जुलाब, जड जीभ. पण साठेल कसं? आम्हा नर्सना पहिल्याच वर्षी घोकून घेतात की औषध देताना पाच गोष्टी बरोबर असाव्या लागतात. माणूस, औषध, मात्रा, वेळ, आणि द्यायची वाट, म्हणजे तोंडाने की सुईने. पाचही बरोबर होत्या. मी पाकीट उलटं करून पाहिलं, कंपनी तीच, पॉवर तीच. मग हा जुनाच आजार नव्या रूपाने उलटला होता का? तोही असं बोलायला लावतो.

आमचे मोठे डॉक्टर त्या दिवशी पुण्याला होते. वॉर्डात ज्युनिअर डॉक्टर सत्यजीत सर, वय सत्तावीस, मुलगा हुशार पण घाईचा. बाळासोने पहाटेच मोठ्या डॉक्टरांना फोन करून "आई बडबड करतीया, पहिल्यावानी झालंय" एवढंच सांगितलं होतं. थरथरीचं आणि जुलाबाचं तो बोललाच नव्हता, कारण जुलाबासाठी मनाच्या डॉक्टरला कोण फोन करतं? त्यामुळे डॉक्टरांचा निरोप सत्यजीत सरांकडे येऊन पडला होता. चालू गोळ्या चालू ठेवा, लिथियम एकाने वाढवा.

"सिस्टर, नऊची गोळी द्या," सर म्हणाले.

"सर, हात बघा तिचे."

"बघितले. घाबरलीये ती."

"मी गोळी देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं जुन्या पंख्याने अचानक उलटं फिरायला लागावं. "सिस्टर, हे तुम्ही ठरवणार?"

"वाढवायचं काय ते तुम्ही ठरवा. पण शंका असताना गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे माझं काम आहे. लिथियमचं रक्त पाठवू या. रिपोर्ट येऊ दे."

रिपोर्ट पुण्याहून येतो, संध्याकाळ होते. सर वैतागले, पण रक्त काढायला सांगितलं. मी चार्टवर लिहिलं, "नऊची गोळी दिली नाही, हात थरथरतात, चालताना तोल जातो, जुलाब, डॉक्टरांना कळवले," आणि खाली सही केली. पण मी चुकले असते तर? एक दिवस गोळी थांबली आणि आजारच उसळला तर? तिने विहिरीकडे धाव घेतली तर? पहिल्या वेळी ती घेतली होती.

जुलाबाने अंग सुकलं होतं म्हणून सलाईन लावायचं ठरलं. आमची आयाबाई सोजराबाई बाटली टांगत होती आणि तिला सवयीप्रमाणे समजावत होती, "काय न्हाई गं बाई, मीठपाणीच हाय, तरतरी येईल." सुई लागली आणि साखरबाईने दुसऱ्या हाताने ती उपटून काढली. रक्ताची धार चादरीवर. आम्ही पुन्हा लावली, तिने पुन्हा उपटली. आता ती रडत होती, "नगं, नगं, पाप लागंल, पोर जाईल," असं काहीतरी. कुठलं पोर? बाळासोला विचारलं तर म्हणाला, "माझ्या बहिणीचं, अंकिताचं असंल. दौंडला दिलीया, रेल्वे कॉलनीत. सातव्याच महिन्यात बाळंत झाली. मुलगी नाजूक हाय, काचंच्या पेटीत ठेवलीया. आई दहा दिस तिकडंच व्हती."

"बघा, सिस्टर," सत्यजीत सर हळूच म्हणाले, "नातीला सुईने पाप लागतं म्हणते. हा आजारच आहे." खरं सांगते, त्या क्षणी मलाही तसंच वाटायला लागलं होतं. चार्टमध्ये मी माझ्याच अक्षरात लिहिलं, "पेशंट असंबद्ध बोलते, उपचाराला विरोध करते." आजही ते वाक्य मला फाडून टाकावंसं वाटतं.

दुपारी एकला तेजश्री घरून आलेला डबा घेऊन आली. साखरबाई गुंगीत होती. मी सकाळपासून चहावर होते, आणि केंदूरच्या माणसांचा स्वभाव असा की समोरच्याला उपाशी ठेवून जेवणार नाहीत. "सिस्टर, दोन घास खावा," म्हणून तिने मला भाकरी दिली. दोन डबे होते. मी जवळच्या डब्यातली आमटी घ्यायला गेले, तशी तिने तो झटकन बाजूला ओढला.

"त्यो नगं. त्यो आत्यांचा हाय."

"आत्या झोपल्यात. त्यांना संध्याकाळी दुसरं आण."

"न्हाई, तुमाला न्हाई आवडायचं ते."

सकाळपासून ती खाली बघत होती आणि आता एका आमटीसाठी माझ्या डोळ्यात बघत होती. मी बोट बुडवून जिभेला लावलं. आमटी अळणी होती. कमी मिठाची नाही, मिठाचा कणही नसलेली. भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला, तोही अळणी.

"तेजश्री, हे काय आहे?"

ती रडायलाच लागली. "आत्यांनी शपथ घातलीया. बोलून दाखवलं की नवस वाया जातो म्हनत्यात. यांनाबी ठावं न्हाई. बाळ काचंतून भायेर येईस्तवर त्यांनी मीठ सोडलंय."

"किती दिवस झाले?"

"पंचवीस."

लिथियम आणि मीठ यांच्यात किडनीला फारसा फरक कळत नाही. अंगात मीठ कमी पडायला लागलं की ती मीठ समजून लिथियम धरून ठेवते, बाहेर सोडतच नाही. रोजचीच गोळी, रोजचीच मात्रा, बरोबर वेळेला, आणि आत ती साठत जाते. वर एप्रिलचं ऊन, वर जुलाब. पाचही गोष्टी बरोबर होत्या आणि बाई विषाने मरायला टेकली होती. आणि मी जर नऊची गोळी दिली असती, वर वाढवलेली एक दिली असती, तर मारणारा हात माझा असता.

मला आधी राग आला. तेजश्रीचा आला, नवसाचा आला, साखरबाईचा तर फारच आला. अकरा वर्षं शिकवलं काय आणि ही बाई करते काय! मी तशीच जाऊन मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. सत्यजीत सर शेजारी उभे होते. मी "मीठ सोडलंय" म्हटलं. डॉक्टर लगेच म्हणाले, "लिथियम बंद. सलाईन लगेच चालू करा. लघवी किती होते ते मोजा. किडनीचं रक्त पाठवा. संध्याकाळपर्यंत उतरत नसेल तर पुण्याला हलवू." सत्यजीत सर बाटली आणायला स्वतः धावले.

पण सलाईन लावायची कशी? आता मला कळलं होतं की सकाळी ती सुई का उपटत होती. सोजराबाईने तिला सांगितलं होतं, मीठपाणी आहे. त्या सगळ्या गोंधळात शुद्धीवर असलेली एकच बाई होती आणि तिलाच आम्ही असंबद्ध लिहून ठेवलं होतं.

सर म्हणाले, "सांगू ना, साखरपाणी आहे म्हणून. तिला काय कळतंय?"

ते सोपं होतं. मी बाटली घेऊन तिच्या खाटेजवळ गेले तोपर्यंत तेच सांगणार होते. पण ती जागी झाली होती आणि माझ्याकडे बघत होती. अकरा वर्षं ती माझ्या हातातून जे येईल ते गिळत आली, एकदाही पाकीट वाचून दाखवा म्हणाली नाही.

"सिस्टर, त्यात काय हाय?"

"मीठ," मी म्हटलं. "मीठ आणि पाणी. तुमच्या अंगातलं मीठ संपलंय, साखरबाई. त्यामुळे गोळी अंगात तुंबलीये. हे नाही घेतलं तर तुम्ही वाचणार नाही."

तिचे डोळे भरले. "मग पोरगी न्हाई वाचायची."

तेजश्रीने तोंडाला पदर लावला. बाळासो दारात उभा होता, त्याला सगळंच नवीन होतं, तो नुसता एकेकाकडे बघत होता. मला देवाधर्मातलं काही कळत नाही, मी भांडणातली माणूस. पण भांडणात शब्द महत्त्वाचा असतो. मी खाली वाकले.

"नवस बोललात तेव्हा काय बोललात? जसं बोललात तसंच सांगा."

ती आठवत राहिली. जीभ वळत नव्हती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "भैरोबा... बाळ काचंतून भायेर येईस्तवर... मीठ... तोंडात घालायची न्हाई."

"तोंडात?"

"तोंडात."

"मग हे तोंडात कुठं चाललंय? हे हातातून जातंय."

तिने बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग मान कलती करून तिने तेजश्रीला विचारलं, "व्हय गं?" तेजश्री म्हणाली, "व्हय, आत्या. हातातनं म्हंजी तोंडातनं न्हाई." साखरबाईने थरथरता हात उचलून माझ्यापुढे धरला. शीर सापडायला वेळ लागला, तेवढा वेळ तिने तो हात हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

संध्याकाळी पाचला रिपोर्ट आला. दोन पॉइंट एक. एकच्या आत असावं लागतं. सत्यजीत सरांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सिस्टर, सॉरी." मी म्हटलं, "चार्टमध्ये लिहा." त्यांनी खरंच लिहिलं.

सुदैवाने तेवढ्यावरून ते उतरत गेलं. तिसऱ्या दिवशी बांगड्या वाजायच्या थांबल्या, चौथ्या दिवशी ती भिंत न धरता चालली. तोंडाने मात्र अळणीच खात होती, मोठ्या डॉक्टरांनी किती कपाळावर हात मारला तरी. सहाव्या दिवशी दुपारी दौंडहून अंकिताचा फोन आला की मुलीला पेटीतून काढून कुशीत दिली. साखरबाईने फोन कानाला तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तेजश्रीला खूण केली. तेजश्रीने कागदाच्या पुडीतलं चिमूटभर मीठ तिच्या जिभेवर ठेवलं. ती डोळे मिटून चघळत राहिली. आम्ही सगळ्या जणी तिथे उगाच उभ्या होतो आणि सोजराबाई तर हमसून रडत होती.

डिस्चार्जच्या दिवशी मी कार्ड भरायला बसले. आता माझा जुना स्वभाव जागा झाला होता. बाई बरी झाली होती, म्हणजे आता तिला बोलायला हरकत नव्हती.

"काय हो साखरबाई, एवढ्या शहाण्या तुम्ही! नवस नका सांगू, देवाचं ते देवाजवळ. पण औषध चालू असताना काही सोडायचं झालं तर आधी विचारायचं तरी. एक फोन करायचा. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

साखरबाईने पदर सारखा केला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट मला वाईट वाटू नये अशी काळजी होती.

"इचारलं व्हतं की. दौंडातनं फोन केलता तुमाला. ठेसनाच्या बाजूलाच हाय कॉलनी, गाड्यांचा लई आवाज येत व्हता. मीठ म्हनून न्हाई सांगितलं, नवस फुटला असता. पन पथ्य काय हाय का म्हनून इचारलं. तुमी म्हनला, काय पथ्य न्हाई. मग म्या सोडलं."

मला अनाउन्समेंट ऐकू आली. अगदी तीच, तशीच फाटकी. मी काय म्हणाले होते तेही आठवलं, आणि फोन कसा ठेवला तेही.

आमच्या भाषेत पथ्य म्हणजे काय खायचं नाही ते. काय सोडायचं नाही, याला शब्दच नाही. पण हे मला सुचलं नंतर, घरी गेल्यावर, आणि ते सुचून माझी काही सुटका झाली नाही. त्या वेळी मी फक्त समोरची फाईल उघडली. अकरा वर्षांची कार्डं एकाखाली एक लावलेली. पथ्याचा रकाना. नाही. नाही. नाही. सगळं अक्षर माझं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे वाक्य मला फार जड जातं, माझ्या नवऱ्याला विचारा.

"तुमचं कसं चुकंल?" साखरबाई म्हणाली. "तुमीच तर वाचवलं." तिला ते खरंच तसं वाटत होतं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बाळासोबरोबर गाडीत जाऊन बसली. गोळी पुन्हा चालू झाली होती, म्हणून कार्डावर मी लिहिलं होतं, मीठ नेहमीएवढंच, कमी नाही, जास्त नाही, पाणी भरपूर, जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी थांबवून लगेच फोन. रकान्यात मावलं नाही, मागच्या बाजूला गेलं.

त्यानंतरच्या सोमवारी ओपीडी पुन्हा तुडुंब. फोन वाजला. एक बाई, आवाज दबका, कुठल्याशा बाजाराच्या कलकलाटातून बोलत होती. "सिस्टर, ती झोपायच्या टायमाची गोळी हाय ना, तिला काय पथ्य असतंय का वो?"

समोर रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती. मी स्टूल ओढलं आणि खाली बसले.

"सांगते. आधी तुम्ही सांगा, काय सोडायचं ठरवलंय?"

पलीकडे नुसता बाजार ऐकू येत होता. मग ती हळूच म्हणाली, "तुमाला कसं कळलं?"